यशवंत सरांच्या हाताची खूण

बातमी आली तेव्हा मी स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसत होतो. दिवाळी तोंडावर आलेली, आणि आमच्या घरात दिवाळीआधी पंखे पुसायचं काम माझ्याकडे असतं, कारण घरात उंच मीच आणि रिकामाही मीच. फोन बायकोने घेतला. ती नुसतं "हो… हो… कधी?" एवढंच म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. मला कळलं. तरी मी हातातलं पातं पुरतं पुसलं, मग दुसरं धरलं. ती खालून म्हणतेय, "अहो, उतरा आता, यशवंत सर गेले," आणि मी वरून म्हणतोय, "हे एवढं होऊ दे." असं का केलं ते मला विचारू नका. उतरलो, चपला घातल्या आणि महाडच्या भर बाजारातून हातातलं ओलं फडकं तसंच घेऊन त्याच्या घरापर्यंत चालत गेलो. दारात कोणीतरी ते माझ्या हातातून काढून घेतलं.

यशवंत माझा मित्र. महाडच्या शाळेत त्याने भूगोल शिकवला, निवृत्त होईपर्यंत तोच विषय आणि जवळजवळ तोच वर्ग. गाव त्याचं कुडपण, पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या माथ्यावर. मी महाडजवळच्या नाते गावचा, पुढे महाडातच स्थायिक झालेला. नोकरीभर एसटीच्या डेपोत नियंत्रकाच्या खिडकीत बसून गाड्या पुकारल्या. भूगोलाशी माझा संबंध एवढाच, की कुठली गाडी कुठल्या गावाला जाते ते मला पाठ होतं. आमची मैत्री कशावर टिकली, असं लोक विचारायचे. भांडणावर टिकली. तो समजावून सांगायचा आणि मी "नाही कळलं" म्हणायचो. दुसरं काही केलं असं मला आठवत नाही.

आता तो जाऊन काही आठवडे झाले, आणि हा लेख मी लिहायला बसलोय तो एका प्रश्नामुळे. प्रश्न इंदू वहिनीचा, म्हणजे यशवंतच्या बायकोचा. पावसाळा सरता सरता यशवंतला अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. डोकं मात्र शाबूत होतं. डोळ्यांत सगळं दिसायचं. महाडच्या घरातल्या खोलीत तो पडून असायचा आणि चांगल्या राहिलेल्या डाव्या हाताने एकच खूण करायचा. हात गादीलगत खाली, मग वर, डोक्यावरून पलीकडे, मग खाली. पुन्हा तेच. पुन्हा पुन्हा. आम्ही बघत राहायचो. मुलगा महेश मुंबईहून आलेला, त्याला वाटायचं बाबांना एसी कमी करून हवाय, की वाढवून हवाय. सुया टोचायला येणारी सिस्टर म्हणायची, कूस बदलायला सांगतात. त्याची बहीण आली, ती आणि वहिनी पाण्याचा चमचा घेऊन धावायच्या. आणि कुडपणहून भावकीतली मंडळी भेटायला आली, त्यांनी दारातच ठरवून टाकलं, "वर न्या म्हणतोय. हात बघा ना, वर जातोय. गावाला न्या त्याला."

हे शेवटचं वाक्य वहिनीच्या काळजात रुतलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, घाटाचा रस्ता त्याला झेपणार नाही, म्हणून तिनेच नको म्हटलं होतं. सगळं क्रियापाणी उरकल्यावर, लोक पांगल्यावर, ती माझ्यासमोर येऊन बसली. रडली नाही. म्हणाली, "भावोजी, तुम्ही त्यांचे दोस्त. मला खरं सांगा. ते घरी न्या म्हणत होते काय? आणि मी नेलं नाय?"

मी घाईघाईने म्हटलं, "छे वहिनी, भलतंच! तो धडा होता त्याचा. वाऱ्याचा."

"कसला धडा?" तिने विचारलं.  इतकी वर्षं ऐकलेला धडा, पण दुसऱ्याला सांगायची वेळ आली तेव्हा कुठून सुरू करायचं तेच मला सुचेना. "सांगतो सावकाश," असं काहीतरी पुटपुटून मी उठलो. घरी येताना स्वतःवरच इतका चिडलो होतो, की रस्त्यात एका ओळखीच्या माणसाने हाक मारली त्याला ओ सुद्धा दिली नाही.

धडा होता हे खरं. त्याची आणि माझी पहिली भेटच त्या धड्याने झाली. उन्हाळ्याचे दिवस, दुपारची वेळ, डेपोच्या आवारात धुळीचा भोवरा उठलेला, तिकिटांचे कपटे त्यात गरागरा फिरतायत. एक शिडशिडीत तरुण माझ्या खिडकीशी आला. मला वाटलं गाडी विचारणार. तो म्हणाला, "हे असं का होतं, सांगा बघू?" मी म्हटलं, "झाडूवाला रजेवर आहे म्हणून." त्यावर तो रागावला नाही, मोठ्याने हसला आणि खिडकीच्या गजांना धरून मला सूर्य, जमीन आणि हवा समजावायला लागला. मागे पोलादपूरची गाडी लागली, निघाली, गेली. ती त्याचीच गाडी होती.

पुढे मग रोजचं झालं. शाळा सुटली की तो डेपोतल्या बाकावर येऊन बसायचा. महाड म्हणजे भट्टी. चारी बाजूंना डोंगर आणि मध्ये आपण भाजतोय. पण दुपार कलली की सावित्री नदीच्या अंगाने खालून, समुद्राकडून एक झुळूक यायची, आणि यशवंत बोट वर करून म्हणायचा, "आला! बाणकोटहून निघाला असेल दुपारी." मी विचारायचो, "कुठल्या गाडीने?" तो कपाळाला हात लावायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. जमीन लवकर तापते रे, पाणी उशिरा तापतं. जमिनीलगतची हवा तापली की फुगते, हलकी होते, वर जाते. मग खाली जी जागा होते तिथे समुद्रावरची गार हवा सरकते, तिलाच आपण वारा म्हणतो. वर गेलेली हवा वरच्या वरून समुद्राकडे जाते, तिथे गार होऊन खाली उतरते आणि पुन्हा इकडे येते. हे सांगताना त्याचा हात चालायचा. खालून वर, डोक्यावरून पलीकडे, खाली, परत. "सूर्य ढकलत नाही कोणाला," तो म्हणायचा, "नुसता तापवतो. आणि सगळीकडे सारखा तापवत नाही, ह्यातच सगळी गंमत आहे. सारखा तापवला असता तर झाडाचं पान हललं नसतं."

माझी गाडी एका ठिकाणी अडायची आणि ती आजतागायत तिथेच अडलेली आहे. मी म्हणायचो, "यशवंता, गरम हवा वर जाते ना? मग तुझं कुडपण वर आहे, तिथे गरम व्हायला पाहिजे. आम्ही खाली खड्ड्यात, आम्हाला थंडी वाजायला पाहिजे. इथे उलटं आहे. म्हणजे तुझं पुस्तक चुकलंय." या प्रश्नावर तो खुलायचा. सूर्य हवेला थेट फारसा तापवतच नाही, तो जमीन तापवतो आणि जमीन हवेला तापवते, हे एक. दुसरं म्हणजे हवा वर गेली की पसरते, आणि पसरली की गार होते. "पसरली म्हणून गार कशी होईल? माणूस पसरला की घोरतो, गार होत नाही," मी म्हणायचो. एकदा तो उठला, माझी सायकल स्टँडवरून ओढली, मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह ढिला केला आणि माझं बोट तिथे धरलं. फुस्स करून हवा सुटली. खरंच गार होती. "बघ! कोंडलेली होती, मोकळी झाली, पसरली, गार झाली. आता पटलं?" मी म्हटलं, "पटलं. पण आता नात्यापर्यंत माझी सायकल कोण ढकलणार, तुझा सूर्य?" आणि वर आणखी विचारलं, की वर जाता जाता हवा गार होत असेल तर ती लगेच खाली का पडत नाही? त्याने दोन्ही हात जोडले. "हाच! हाच प्रश्न माझ्या वर्गात कोणी विचारत नाही रे!" मग भोवतालची हवा तिच्याहूनही गार असेल तोवर ती चढतच राहते, असं काहीसं त्याने सांगितलं. तोपर्यंत माझं डोकं तापून फुगलेलं होतं.

बाणकोटच्या खाडीवर आम्ही एकदा गेलो होतो, दोघंच. तिथे त्याने वाऱ्यावरून गाडी पाण्यावर नेली. म्हणाला, समुद्राचं पाणीही चालतं. विषुववृत्तापाशी ऊन जास्त, ध्रुवांकडे कमी, म्हणून हवेची मोठी चक्रं फिरतात. ते वारे पाण्याला वरून ओढत नेतात, पृथ्वी फिरते म्हणून ती वाट तिरकी होते. ध्रुवाकडचं गार, खारट, जड पाणी तळाला बसतं आणि तळातळाने सावकाश परत निघतं. आपल्या किनाऱ्याचं पाणी पावसाळ्यात दक्षिणेला सरकतं आणि हिवाळ्यात उत्तरेला, कारण वाऱ्यांची तोंडं फिरतात. मी म्हटलं, "दाखव." जवळ नारळ होता, तो मी खाडीत भिरकावला आणि म्हटलं, "हिवाळा आहे. म्हणजे हा आता मुंबईला पोचणार." आम्ही शेंगा खात बसलो. जरा वेळाने बघतो तर नारळ डुलत डुलत आमच्याच पायाशी परत. मी पोट धरून हसलो. यशवंत तो नारळ उचलत गंभीरपणे म्हणाला, "ही भरती आहे. हा मुख्यतः चंद्राचा कारभार. आज आपला विषय सूर्य आहे." तो नारळ आम्ही तिथेच फोडून खाल्ला.

तर असा त्याचा हात. महाडात कुठल्याही दुकानात जा, त्याचा एक तरी विद्यार्थी भेटतो, आणि सरांचं नाव काढलं की तो हात फिरवून दाखवतो. खालून वर, डोक्यावरून पलीकडे, खाली. त्यामुळे खाटेवर पडल्यापडल्या तो ती खूण करायला लागला तेव्हा मला शंकाच आली नाही. मी त्याच्या खाटेशी बसलो आणि म्हटलं, "हो रे बाबा, गरम हवा वर जाते. कळलं मला. कुडपण गार का तेही कळलं." थाप होती ती, पण आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून मारलेली. त्याने मान हलवली. नाही. मी म्हटलं, "मग काय? खारे वारे?" नाही. "मतलई वारे?" नाही. "व्यापारी वारे? मोसमी वारे? समुद्राचे प्रवाह?" डेपोत गाड्या पुकारायचो तसे मी एकेक वारा पुकारत गेलो आणि तो प्रत्येकाला नाही म्हणत गेला. शेवटी डोळे मिटून घेतले त्याने. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की काय सांगू. सगळं आयुष्य मी त्याला "नाही कळलं" म्हणून छळलं, आणि आता खरोखर कळायला हवं होतं तेव्हाच काही कळत नव्हतं.

हे मान हलवणं मी वहिनीला सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? धडा नव्हता, तर मग काय होतं? भावकीचं म्हणणं खरं? वर न्या?… मी घरी नुसता येरझाऱ्या घालायचो. बायको म्हणाली, "तुम्ही वहिनींकडे जाऊन तरी या, नाहीतर विचार तरी करू नका." दोन्ही जमेना.

मग वहिनीचाच निरोप आला. ती कुडपणला गेली होती. नाचणी खळ्यावर पडलेली. भावकीने मळणी करून दिली, पण उफणणी तिने कोणाला करू दिली नाही. निरोप असा, की भावोजींना म्हणावं एक दिवस या, वाऱ्याचं सांगायचं राहिलंय ते सांगा, आणि जरा हाताशी मदत पण करा. मी दुसऱ्याच दिवशी सकाळची गाडी पकडून पोलादपूर गाठलं आणि तिथून जीपने वर गेलो. सगळ्या वाटेने मनात उजळणी चालली होती. जमीन तापते, हवा फुगते, वर जाते… पुढे काय?… जागा होते. शेजारी बसलेली बाई माझ्या हलणाऱ्या हाताकडे बघून जरा सरकून बसली.

वर पोचलो तेव्हा ऊन नुकतं अंगाला लागत होतं आणि वारा अजिबात नव्हता. शेणाने सारवलेलं खळं, मधोमध मळलेल्या नाचणीचा ढीग, बाजूला तीन पायांची उंच तिवई. तिच्यावर उभं राहून सुपातून नाचणी खाली सोडायची, वाऱ्याने फोलपट उडून जातं आणि दाणा सरळ खाली पडतो. वारा नसेल तर हात बांधून बसायचं. वहिनी खळ्याच्या कडेला बसली होती. मला बघून उठली, पाणी दिलं, घरचं विचारलं, आणि मग म्हणाली, "वारा येईस्तोवर सांगा आता."

मी सांगितलं. मला वाटतं बरं सांगितलं. डोंगराची ही बाजू आता उन्हात आहे, ती तापेल, तिच्यालगतची हवा तापून वर चढेल, मग दरीतली हवा तिच्या मागोमाग वर येईल, आणि आपल्याला वारा लागेल. माझा हातही आपोआप चालला, यशवंतसारखा. ती नीट ऐकत होती. म्हणाली, "हां, सुट्टीत उफणायला आलो की हे बसल्या बसल्या हितंच सांगायचे ते. आता येईल, आता येईल म्हणायचे. कवा यायचा, कवा नाय यायचा. नाय आला की आकाशाकडे बघून गप बसायचे." आम्ही दोघंही हसलो. मग तिने हळूच विचारलं, "म्हणजे हात वर जायचा तो हवेचा? गावाचा नाय?"

"हवेचा."

"तुम्ही तसं त्यांना म्हणालात? खाटेवर असताना?"

"म्हणालो."

"मग काय म्हणाले? मान हलवली की नाय?"

आता खोटं कसं बोलणार? मी जमिनीकडे बघत सांगितलं, की नाही म्हणाला. प्रत्येक वाऱ्याला नाही म्हणाला.  वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. म्हणाली, "मग वर न्या म्हणत असणार. मीच आडवी आले. डॉक्टर काय, सांगतातच. माणूस तसाही गेला, हितं आला असता तर घर तरी बघितलं असतं." मी "तसं नाही हो वहिनी" म्हटलं, पण मग कसं, ते मला सांगता येत नव्हतं, आणि ते तिलाही दिसत होतं. इतका वेळ घालवून, इतका डोंगर चढून मी तिचं दुःख होतं त्याहून वाढवून ठेवलं होतं. मनात आलं, उठावं आणि सरळ खाली निघून जावं.

तेवढ्यात दरीच्या बाजूचं गवत हललं. वहिनी लगेच उठली. इथे शोक असो काय असो, वारा आला की उठायचं. तिने पदर खोचला, तोंडाला-नाकाला फडकं बांधलं, दुसरं मला दिलं, आणि तिवईवर चढली. म्हणाली, "तुम्ही भरून द्या. ते द्यायचे तसं." मग फडक्यामुळे आमचं बोलणं बंद झालं. मी ढिगातून सूप भरून वर द्यायचो, ती ते खांद्याशी धरून हळूहळू हलवत खाली सोडायची. दाणा पायाशी, फोलपट लांब. रिकामं सूप खाली, भरलेलं वर. धुळीने डोळे चुरचुरत होते, कंबर भरून आली होती, पण डोक्यातला गोंधळ जरा थांबला होता एवढं खरं.

मी वाकून सूप भरत होतो. वर बघितलं तर वहिनीचा हात हलत होता. खाली, ढिगापासून वर, डोक्यावरून पलीकडे, मग तिच्या दुसऱ्या बाजूला खाली. मी बघतच राहिलो. तिने पुन्हा केला, जरा चिडून. तोच हात. अगदी तोच.

मी फडकं ओढून खाली केलं. "वहिनी, हे काय केलंत?"

तिनेही फडकं सोडलं. "काय केलं? वारा फिरलाय ना. त्या अंगाला राहिलात तर सगळा भुसा तुमच्या डोळ्यांत. सूप उचला आणि फिरून ह्या बाजूला या म्हटलं."

"हे यशवंतला करायचात तुम्ही?"

"मग? तोंड बांधलेलं, वाऱ्यात वरडून काय ऐकू येतंय? मी वर असले की मी करायची, ते वर असले की ते करायचे. लग्न झाल्यापास्नं…" आणि ती थांबली. हात अजून हवेतच होता. तिने त्या हाताकडे बघितलं, असं बघितलं की जणू तो दुसऱ्या कोणाचा असावा.

 मी विचारलं, "त्या खोलीत तुम्ही कुठे बसायचात?"

"खिडकीच्या अंगाला. खुर्चीवर." ती तिवईवरूनच बोलत होती, खूप हळू. "त्या एसीच्या यंत्राच्या खाली. सगळा गारठा माझ्याच अंगावर यायचा वो. कान बांधून, शाल घेऊन बसायची. महेशनं इतक्या हौसेनं लावलेला, बापाला बरं वाटावं म्हणून. मी बोलले नाय कोणाला. ह्यांना पण नाय बोलले."

"आणि खाटेच्या दुसऱ्या बाजूला?"

"तिथं तुम्ही बसायचात ना. स्टुलावर. नायतर रिकामं असायचं ते."

आता माझ्या ध्यानात आलं, की मी एकेक वारा पुकारत होतो तेव्हा तो माझ्याकडे बघतच नव्हता. वहिनीची खुर्ची खाटेच्या पलीकडच्या अंगाला होती. मान वळवून तो तिकडेच बघायचा, आणि मला वाटायचं, मला टाळतोय. हे असंच होतं असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. कदाचित त्याला पाणीच हवं असेल. कदाचित कूस बदलून हवी असेल. भूगोलाचा मास्तर तो, शेवटी खरोखर धडाच घेत असेल आणि माझ्या उत्तरांना नेहमीसारखे शून्य मार्क देत असेल. मला त्याचं काहीच कधी नीट कळलं नाही, आताच कसं कळेल?

पण वहिनीला कळलं होतं. ती रडायला लागली. त्या उंच तिवईवर, भर उन्हात, वाऱ्यात उभी राहून, मोठ्याने रडली. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा. "वारा लागतोय तुला, म्हणत होते," ती म्हणाली. "फिरून इकडं ये, म्हणत होते. आणि मी आपली पाण्याचा चमचा घेऊन…"  मी खाली सूप धरून उभा. माझ्याही डोळ्यांतून पाणी येतंय, त्यात भुसा किती आणि रडणं किती याचा पत्ता नाही. यशवंता, लेका, वाचा गेल्यावर पण तू वाऱ्याचंच बोलत होतास, आणि आम्ही सगळे शहाणे तुझा हात बघत बसलो!

जरा वेळाने तिने पदराने तोंड पुसलं. दरीकडे बघितलं, गवत कुठल्या बाजूला लवतंय ते बघितलं. फडकं पुन्हा नाकावर ओढलं. आणि हात खालून वर, डोक्यावरून, आपल्या दुसऱ्या बाजूला नेला.

मी सूप भरलं आणि वळसा घालून तिच्या बाजूला गेलो.